जिथे आपला हात पोचत नाही

आमचे म्हातारे वैद्य, मंग त्यांचं आडनाव, त्यांचं भलं होवो. हे आता म्हणतेय हं. पहिल्या दिवशी त्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडले, तेव्हा मनातल्या मनात त्यांचा चांगलाच उद्धार केला होता.

उत्तर चीनमधल्या आमच्या शनयांगचा हिवाळा मला काही नवा नाही. तीस वर्षं इथल्या बसमध्ये तिकिटं फाडली मी, दार उघडलं की तोंडावर बर्फ घेत. पण निवृत्त झाल्यापासून थंडीत अंगाला खाज सुटायला लागली आणि यंदा तर कहरच झाला. बाहेर उणे वीस, आणि घरात हीटरच्या नळ्या दिवसरात्र तापलेल्या. कातडी नुसती कोरडी ठणठणीत. पायमोजा काढला की जमिनीवर कोंडा पडायचा. मी आपली रोज हमामखान्यात जायचे, कढत पाण्यात बसायचे आणि अंग घासणाऱ्या बाईला म्हणायचे, "जोर लाव की गं, जेवली नाहीस का?" आमच्याकडे खाज म्हणजे मळ, आणि मळ म्हटला की घासायचा. घरी आलं की दुप्पट खाज! तीन आठवडे डोळ्याला डोळा लागला नव्हता.

शेवटी गेले वैद्यांकडे. ऐंशी वर्षांचा माणूस. माझी जीभ बघितली, मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटले, ते इतका वेळ की मला वाटलं, म्हातारबुवा झोपले.

"फंगयिंगबाई, रक्त कोरडं पडलंय," ते म्हणाले. "रक्त कमी पडलं की कातडीत वारा शिरतो. तोच खाजतोय. तुम्ही घासून घासून त्याला दार उघडून देताय. घासणं बंद. कढत पाणी बंद. मटण, कोळंबी, मिरची, सगळं बंद."

"श्वास घेऊ ना?"

"घ्या, पण रागावून नको."

मग पाठ बघितली आणि चुकचुकले. "इथे तर रक्त काढलंय! मिनतवारी-नको वापरता का?"

लांब दांड्याचा लाकडी पंजा असतो ना पाठ खाजवायचा, त्याला आमच्याकडे हेच नाव आहे. कुणाला सांगायला नको, विनवायला नको. माझा पिशवीतून डोकावत होता. वैद्यांनी तो सरळ उचलला आणि टेबलाच्या खणात टाकला.

"अहो, माझा आहे तो!"

"बऱ्या झालात की न्या."

काढ्याच्या पुड्या दिल्या आणि एक बसकी डबी. तिळाचं तेल, मुळ्या आणि मेण घालून केलेलं जांभळं मलम. "थंडीत हे घट्ट होतं. तळहातावर वितळवायचं आणि पाठीत मुरवायचं. तुमचा हात काही तिथे पोचायचा नाही. घरी कोण आहे?"

"कोणी नाही." नवरा गेला, मुलगा लांब दक्षिणेत, ग्वांगचौला.

"शूलान दुसऱ्या मजल्यावरच राहते ना अजून?"

"राहत असेल."

"मग झालं तर."

झालं म्हणे! शूलान म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. मी चौथ्या मजल्यावर, ती दुसऱ्या, आणि नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. जिन्यात समोर आलो की ती भिंतीकडे बघते, मीही भिंतीकडे बघते. आई दवाखान्यात होती तेव्हा मी तिच्या उशाशी सलग चार रात्री बसले. पाचव्या दिवशी सकाळी ताई म्हणाली, "जा, दोन तास पड. काही झालं तर उठवते." मी घरी येऊन पडले ती थेट संध्याकाळी उठले. आई दुपारीच गेली होती. फोन नाही, निरोप नाही. चार माणसांत विचारलं, तर म्हणते, "झोपली होतीस, म्हणून नाही उठवलं." आईच्या फोटोसमोर उभी राहून मी तिला सांगितलं, आजपासून तू माझी कोणी नाहीस.

आठवडाभर काढा प्यायले. कडू जहर! पण हातपाय निवले, हे कबूल करायला हवं. मधली पाठ मात्र ऐकेना. उलथन्याला मलम लावून बघितलं, टॉवेलला लावून बघितलं, दाराच्या चौकटीला पाठ घासून बघितली. टॉवेल जांभळा झाला, चौकट जांभळी झाली, पाठ कोरडीच. आठव्या दिवशी दुपारी मला रडूच फुटलं. डबी उचलली आणि दोन जिने उतरून दार वाजवलं.

ताईने उघडलं. केवढी म्हातारी दिसत होती!

"वैद्यबुवांनी सांगितलंय," मी डबी पुढे केली. "पाठीला." 'लावशील का' एवढं म्हणायचंही सुचलं नाही मला.

ताईने डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत ये. दार लाव, गारवा येतोय."

तिच्या पलंगावर पालथी पडले. तिने तळहात एकमेकांवर चोळले.

"काय हे ओरबाडून घेतलंयस! पाठ आहे की दगडी पाटा?"

"तू तुझं काम कर."

तिने केलं. हात खरखरीत, पण ऊन ऊन. तिळाचा वास खोलीभर पसरला. खाज हळूहळू मागे सरत गेली. मी काहीतरी बोलणार होते, ते राहूनच गेलं.

जाग आली तेव्हा अंगावर रजई होती. ताई शेजारी स्टुलावर बसलेली.

"किती वाजले?"

"सहा."

"सहा? चार तास! उठवलं का नाहीस?" मी ओरडले, भरल्या बसमध्ये ओरडायचे तशी. आणि शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं, हेच मी तिला नऊ वर्षांपूर्वीही विचारलं होतं.

ताई मान खाली घालून आपल्या जांभळ्या हातांकडे बघत होती.

"त्या दिवशी मी दोनदा फोन हातात घेतला गं," ती म्हणाली. "आईनेच अडवलं. म्हणाली, चार रात्री जागलीय पोर, झोपू दे तिला."

"आई बोलली?"

"तेवढंच. त्यानंतर नाही बोलली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस मला?"

नव्हतंच बोलू दिलं. आईचे शेवटचे शब्द माझ्यासाठी होते आणि ते ऐकायच्या आत मी तोंड फिरवून चालती झाले होते. नऊ वर्षं ते हिने एकटीने सांभाळले. मी रजईत तोंड खुपसून पोटभर रडले. ताईने डोळे पुसले आणि सगळं मलम गालाला फासून घेतलं.

"बरं केलंत गं दोघींनी," मी तिचा हात धरून म्हटलं, "मला झोपू दिलंत."