पाच नग, पण कोणते?

"तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय," असं सुदुंबऱ्याच्या कारखान्याचे मॅनेजर अतुल साहेब बुधवारी फोनवर म्हणाले आणि माझं डोकंच सणकलं. त्यांच्या पिनांचा माल गिऱ्हाइकाकडून दोनदा परत आला होता. मापं भरली की आमचं सॉफ्टवेअर आलेखावर ठिपका काढतं, हद्दीत हिरवा, हद्दीबाहेर लाल; तिथं मात्र सगळे ठिपके हिरवे. आता सोमवारपासून सॉफ्टवेअर बंद आणि मापं भरणाऱ्या येसूबाई पॅकिंगला, एवढं ऐकवून त्यांनी फोन ठेवला. ते सॉफ्टवेअर तळेगावचं, आमचं. ते कसं वापरायचं हे सांगणारी पानं माझी. लगेच सुदुंबऱ्याला निघाले, वाटेतल्या गर्दीत अडकले, तेवढ्यात मी भांडणाची सगळी वाक्यं पाठ केली.

पोचले तेव्हा येसूबाई मापंच घेत होत्या. त्यांनी क्रेट ओढला, पिना फडक्यानं पुसल्या, उजेडात फिरवल्या आणि देखण्या पाच तेवढ्या निवडल्या.

"मावशी, याच का?"

"साहेब बगत्यात न्हवं? पावण्याच्या ताटात कणी वाढतो व्हय आपण?"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. माझ्या अकरा पानांत सूत्रं होती, ग्रीक अक्षरं होती, शेवटी माझं नावही होतं. पण कुठले पाच नग घ्यायचे? तिथं नुसतं 'पाच नगांची मापे भरा'. खोटं सॉफ्टवेअर बोलत नव्हतं, येसूबाईही नाही. माझंच लिहिणं अर्धवट होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला!

तिथंच स्टुलावर बसून मी नवं पान लिहिलं. 'मशीनमधून लागोपाठ पडलेले पाच नग घ्या. निवडू नका. ठिपका लाल आला तर मशीन बंद करा.' येसूबाई वाक्यं ऐकायच्या आणि नाक मुरडलं की मी ते वाक्य खोडायचे. जुनी मापं बाद केली, दोन दिवस नव्यानं घेतली आणि त्यांवरून हद्दी पुन्हा काढल्या.

शनिवारी नव्या पानाची परीक्षा. पॅकिंगच्या सीतारामभाऊंनी हे काम कधीच केलेलं नव्हतं. त्यांनी फक्त पान वाचायचं आणि मापं भरायची. मी बोलायचं नाही, ही अट. माझ्यासारखीला ती फाशीच. भाऊंनी बोट फिरवत पान वाचलं, लागोपाठ पाच पिना उचलल्या, मापं भरली. हिरवा. तासाभरानं पुन्हा हिरवा. तिसऱ्या वेळेला ठिपका हद्दीबाहेर, लालभडक!

येसूबाईंनी मशीन बंद केलं. अतुल साहेब धावत आले. "कोणी बंद केलं?"

"मी. हितं लिवलंय तसं."

मशीनमधलं कापायचं टूल काढून बघितलं तर धार गेलेली. आमची हद्द गिऱ्हाइकाच्या हद्दीच्या आतली, म्हणून एकही पिन अजून वाया गेलेली नव्हती. साहेब ते टूल हातात घेऊन म्हणाले, "मावशी, सोमवारी इथंच या." मी इतक्या जोरात टाळी वाजवली की शेजारचे दोघे दचकले.

"ताई, येक वळ ऱ्हायली," येसूबाई म्हणाल्या. "लिवा, लाल आलं तर भरणाऱ्याला बोलायचं न्हाई. बोलणी बसत्यात म्हून तर आमी चांगलं निवडतो."

साहेबांची मान खाली गेली. मी लिहिलं.

श्रीयशनं, आमच्या बॉसनं, पान तपासताना त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा संख्याशास्त्राचा कितवा नियम?"

"पहिला," मी म्हटलं आणि ती ओळ उचलून सगळ्या सूत्रांच्या वर नेली.