टिचकी

"बाबा, ही डबी बघा तरी! हजारो गाणी आहेत हिच्यात. तबकडी पुसायला नको, सुई बदलायला नको," असे म्हणत थोरल्या लेकीने मुठीएवढा स्पीकर आईच्या उशाशी ठेवला.

कोटाचे काज करीत बसलेल्या शिंपीकाकांनी चष्म्यावरून पाहिले. "हजारो? मग ऐकायचं कधी गं? निवडण्यातच जन्म जायचा."

लेक हसली. आई हसली नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकूंचा उजवा हात पांघरुणावर परक्या वस्तूसारखा पडून होता. वाचेने तर मौनच धारण केले होते. हात परत येईल, पण तो त्यांनी स्वतःहून हलवला पाहिजे, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते. व्यायामासाठी दिलेल्या रबरी चेंडूकडे मात्र काकूंनी ढुंकूनही पाहिले नव्हते.

लेकीने आईचे आवडते गाणे लावले. स्वर अगदी धुतल्या तांदळासारखा. परंतु दुसऱ्या कडव्यात काकूंच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

"काय झालं, आई?"

"होणार काय? मध्येच कुणीतरी एक ओळ घुसडलीय," काका म्हणाले.

"घुसडली नाही हो! मूळचीच आहे. आपल्या तबकडीवर ओरखडा, म्हणून आपण ती कधी ऐकलीच नाही."

ओरखडा खरा होता. संसाराच्या आरंभी काकूंच्या हातून कात्री निसटली, ती नेमकी तबकडीवर. तेव्हापासून 'चांदणे' या शब्दावर सुई अडके. काकू असतील तेथून ओल्या हाताने धावत येत आणि रेकॉर्डप्लेअरच्या पेटीला टिचकी मारीत. सुई उडी घेई, गाणे पुढे जाई. हे काम त्यांनी दुसऱ्या कोणास कधी करू दिले नाही. "ओरखडा माझा, मीच निस्तरीन," असे म्हणत.

काका उठले. कपाटावरचा रेकॉर्डप्लेअर उतरवून त्यांनी पलंगाला खेटून, काकूंच्या उजव्या हाताशी, स्टुलावर मांडला. वेष्टनातून तबकडी काढली, मखमलीच्या चिंधीने गोल गोल पुसली आणि सुई अलगद टेकवली. गाण्याआधीची खरखर खोलीभर पसरली.

"ऐक. गवई समोर बसून घसा खाकरतोय. तुझी डबी खाकरतच नाही कधी."

दुसरे कडवे आले. चांदणे, चांदणे, चांदणे…

लेक पुढे सरसावली. काकांनी तिचे मनगट धरले.

"बाबा, तबकडी झिजेल!"

"झिजू दे. ते तुझ्या आईचं खातं आहे. आपण लुडबुड करायची नाही."

आणि ते पुन्हा काज करावयास बसले. त्यांच्या मनात शंका नव्हती. उसवलेली शिवण जिने रात्रभर तशी राहू दिली नाही, तिला अडकलेले गाणे कसे सोसवेल?

चांदणे, चांदणे…

काकूंनी मान वळवली. नवऱ्याकडे रागाने पाहिले. काकांनी मान वर केली नाही. तेव्हा पांघरुणावरचे बोट थरथरले. ते सरपटत स्टुलाच्या कडेपर्यंत गेले, थांबले, पेटीला टेकले. तो नुसता स्पर्श होता. सुई जागची हलली नाही.

काकूंनी ओठ आवळले आणि पुन्हा बोट उचलले.

टक्.

सुईने उडी घेतली. एक ओळ गाळून गाणे पुढे निघाले.

"फार वेळ लावलास," काकांनी दाताने दोरा तोडीत म्हटले. त्यांचे डोळे मात्र काजावर ठरत नव्हते.

गाणे संपले. ते उठले आणि त्यांनी सुई पुन्हा आरंभाला नेऊन ठेवली.