राखेची करवंटी

१९५८ साली मालवणच्या बाजारामागे एक छोटा काजू कारखाना होता. भाजलेली बी ठोकून गर काढायला तिथे बारा बायका बसत. सुगंधा तेरावी. मुकादम गंगारामने तिला पाट आणि मोगरी दिली, शनिवारपर्यंत हात बसला नाही तर घरी, एवढं बजावलं आणि तो निघून गेला.

टरफलातलं तेल कातडी जाळतं, हे तिला कोणीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी बोटांची सालं निघाली. त्याच दुपारी शेजारची चंद्रावती पाटामागच्या करवंटीत बोटं बुडवताना तिला दिसली. करवंटीत खोबरेलात कालवलेली राख होती, टरफलाचं तेल बोटांना लागू नये म्हणून. बाकी प्रत्येकीच्या पाटामागे तशीच एक होती.

"माका कित्याक सांगूक नाय?"

"आमका तरी कोणी सांगल्यान? पयल्या आठवड्यात सगळ्यांचेच हात जळतत."

"आणि तू बसान बघतंस."

"राणीसाहेबांक आमंत्रण व्हया हुतां," चंद्रावती म्हणाली. बायका हसल्या.

सुगंधाने चंद्रावतीची करवंटी उचलून दोघींच्या मध्ये ठेवली. चंद्रावतीने ती परत ओढली नाही. शनिवारी सुगंधाचं काम टिकलं.

सोमवारी आनंदी नावाची नवी मुलगी आली. गंगारामने तिलाही पाट दाखवला, शनिवारचं बजावलं आणि पाठ फिरवली. आनंदीने मोगरी उचलली, तशी सुगंधाने तिची मनगटं धरून दोन्ही हात राखेत दाबले. पोर घाबरली.

"माझ्यार रागावलंस गो?"

"तुझ्यार नाय," सुगंधा चंद्रावतीकडे बघत म्हणाली.