जुडग्याचा आवाज

किल्लीवालीने जुडग्यातली शेवटची किल्ली पॉलिशच्या फडक्याने घासली, दिव्यापुढे धरली आणि फुंकर मारून खाली ठेवली. कडीत अडकवलेली सायकलच्या घंटीची पितळी वाटी तिने सगळ्यांत आधी चमकवली होती. जुडगा हलला की वाटीवर किल्ल्या आपटायच्या आणि खण्ण असा आवाज व्हायचा. तो दादाचा आवाज.

"हेही वहिनींच्या खोक्यात घालणार?" शेजारच्या दुकानातून डोकावलेल्या फुलवालीने विचारलं.

"हेच तर मुख्य."

"अगं, शाल समजू शकते, गरम पाण्याची पिशवी समजू शकते. किल्ल्या कुणी भेट देतं का? न्हाव्याने वस्तरा द्यावा त्यातली गत."

किल्लीवाली हसली नाही, पण रागावलीही नाही. खोकं खरोखरच मनापासून भरलं होतं. शाल अशी, की गालाला लावून पाहिल्याशिवाय तिने घेतली नव्हती. चांगल्या चहाचा डबा, हातांना लावायचं सुगंधी मलम, अप्पांसाठी बिस्किटं, आणि तळाशी दादाचा हसरा फोटो, चौकटीत बसवलेला. दादा गेल्यानंतर दवाखान्यातून घड्याळ, चष्मा, पाकीट वहिनींना मिळालं होतं. जुडगा तेवढा तिने स्वतःकडे ठेवला होता, कारण त्याची कडी वाकली होती आणि वाकलेली कडी तिला बघवत नसे.

"वहिनी अजून रडल्या नाहीयेत," ती म्हणाली. "ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या माणूस गेला. धक्का बसलाय त्यांना. आत कोंडून घेतलंय सगळं. हे हातात आलं, की बांध फुटेल."

"आणि नाही फुटला तर?"

"मग माणूस आतल्या आत खचतं गं. मला भीती वाटते त्यांची."

फुलवालीने जाऊन पांढऱ्या फुलांची एक लहानशी जुडी आणली आणि खोक्यात ठेवली.

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या त्रासाने वहिनींनी बेल काढून ठेवली होती, हे किल्लीवालीला ठाऊक होतं. खांद्याला हत्यारांची पिशवी, दोन्ही हातांत खोकं, म्हणून तिने जुडगा बोटात अडकवला आणि दाराची किल्ली आधीच चिमटीत धरली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला रेडिओ ऐकू आला. आणि हसणं. अप्पा हसत होते, तिचे सख्खे वडील, खोकला येईपर्यंत. आणि त्यांच्या मागोमाग वहिनीसुद्धा. पोटचा मुलगा जाऊन पंधरवडा नाही झाला, आणि घरात खिदळणं चाललंय.

ती तरातरा उरलेल्या पायऱ्या चढली. बोटातला जुडगा खणखणला.

वर हसणं तुटलं. रेडिओ बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग घाईघाईची पावलं. तिने किल्ली फिरवली आणि खांद्याने दार ढकललं.

वहिनी दाराशीच होत्या. खाली वाकून दादाच्या सपाता उंबऱ्यापुढे मांडत होत्या, दोन्ही एका रेषेत, टाचा दाराकडे. त्यांनी वर पाहिलं नाही. आणि पलीकडे अप्पा आपल्या खोलीच्या निम्म्या वाटेवर अडकल्यासारखे उभे होते. सदऱ्यावर चुरा सांडलेला, एक हात पाठीमागे.

"मी खोलीतच होतो रे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पाण्याला उठलो होतो. आत्ताच."

"अप्पा, मी आहे. मी."

अप्पांनी मान वळवली. बराच वेळ ते तिच्याकडे नाही, तिच्या बोटातल्या जुडग्याकडे बघत राहिले. मग पाठीमागचा हात हळूहळू पुढे आला. त्यात अर्धं बिस्कीट होतं.

"पोरी, तू होय," ते म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. "वेडा मी. चितेवर ठेवलेलं माझ्याच डोळ्यांनी बघितलं की."

तिने खोकं टेबलावर टेकवलं. लहानपणी हाच आवाज जिन्यात ऐकू आला, की ती धावत दाराशी जायची. दादाच्या खिशात तिच्यासाठी लिंबाच्या गोळ्या असायच्या. आवाज तोच होता. तिच्या मागे, या घरात, तो असा वाजत होता, आणि तिला, गावभरची कुलपं उघडणारीला, पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तेव्हा तिची नजर अप्पांच्या खोलीच्या दारावर गेली. बाहेरच्या बाजूला कडी होती. भक्कम, सरळ, चारही स्क्रू लाकडात नीट बसलेले. तिच्याच हातचं काम. 'अप्पा झोपेत चालतात गं, एखाद दिवशी जिन्यावरून पडतील,' दादा म्हणाला होता, आणि ती त्याच संध्याकाळी ड्रिल घेऊन आली होती. वर कौतुकही केलं होतं, बापाची इतकी काळजी करतो म्हणून.

"वहिनी, अप्पा झोपेत चालायचे ना?"

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी पायाने सपाता बाजूला सारल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नाही."

"मग मला का नाही सांगितलंत? एकदा तरी?"

वहिनींनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"कडी तुम्हीच बसवलीत ना, ताई. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

किल्लीवालीने खोक्यातली शाल काढून अप्पांच्या खांद्यावर घातली, फुलं पाण्यात ठेवली, फोटो मात्र उचलून आपल्या पिशवीत टाकला. मग पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढला. स्वतःच इतके आवळून बसवलेले स्क्रू सुटायला वेळ लागला. शेवटचा निघाला तेव्हा तिच्या तळहाताला फोड आला होता, आणि तो आल्याचं तिला बरं वाटलं.

"येते," ती म्हणाली, आणि दुकानात जाऊन दुकानातलं सगळ्यांत चांगलं कुलूप घेऊन आली.

तिने बाहेरच्या दाराचं जुनं कुलूप काढून नवं बसवलं. घरच्या कुठल्याही कुलपाची एक किल्ली अडीअडचणीला स्वतःच्या दुकानात टांगायची, हा तिचा रिवाज. आज तिने सगळ्या किल्ल्या वहिनींच्या हातात ठेवल्या आणि त्यांची मूठ मिटवली.

"आतून लावून घ्या. मी बाहेरून बघते."

दार लागलं. जिन्यात उभं राहून तिने घंटीची वाटी मुठीत दाबून धरली, आवाज होऊ नये म्हणून, आणि दादाची किल्ली नव्या कुलपात घातली. ती निम्मीसुद्धा शिरली नाही.

"नाही लागत," ती दाराला तोंड लावून म्हणाली.

आतून अप्पांचा आवाज आला, अगदी दाराजवळून. "पुन्हा बघ बरं."

तिने पुन्हा बघितलं. "नाही, अप्पा."

"दुसरी?"

दुसरी कपाटाची होती, पण तिने तीही घालून पाहिली. मग तिसरी. जुडग्यातली एकेक किल्ली ती लावत गेली आणि प्रत्येक वेळी नाही म्हणत गेली. शेवटच्या किल्लीलाही ती नाही म्हणाली, तेव्हा आतून वहिनींचं रडणं ऐकू आलं, मोठ्याने, लहान मुलासारखं.

किल्लीवालीने जुडगा फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला. मग दारावर हलकेच टकटक केली आणि कुणी उघडतंय का, याची वाट बघत उभी राहिली.