बिवळ्याची फळी

दाजींना लाकडातलं काय कळतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, ते जळतं एवढं कळतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडील गेल्यावर आमचा लाकडाचा कारखाना त्यांच्या हाती आला, कारण ते जावई आणि मी धाकटी मुलगी. वडिलांच्या हाताखाली मी सतरा वर्षं रंधा मारला, सांधे जोडले, पॉलिश केलं. त्याच सतरा वर्षांत दाजी टाय बांधायला शिकले. भुशात टाय घालून फिरणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. पत्र्याच्या शेडच्या तोंडाशी त्यांनी काचेची केबिन करून घेतली होती. तिथे बसून ते गिऱ्हाइकांशी बोलायचे. आतले दोन सुतार आणि मी काय करतो याची त्यांना कल्पना नव्हती, आणि आम्हालाही ती करून द्यायची हौस नव्हती.

एका सकाळी टेम्पो भरून फळ्या आल्या. दाजी केबिनमधून बाहेर आले, टाय सरळ केला आणि म्हणाले, "बघा मेव्हणीबाई, अस्सल साग! वखारवाला देतच नव्हता, मी गोड बोलून आणला."

मी एक फळी एका टोकाने उचलली आणि लगेच खाली ठेवली. साग एवढा जड नसतो. नाकाशी नेली, तर चामड्यासारखा तो तेलकट वासही नाही. मग अंगठा ओला करून गाभ्यावर घासला. अंगठा पिवळा झाला.

"दाजी, हा बिवळा आहे."

"बिवळा? म्हणजे हलका माल?"

"हलका कुठला? तुम्हाला एकट्याला उचलायचा नाही. लाकूड उत्तम आहे, कणखर आहे, वाळवी याच्या वाटेला जात नाही. गाड्या करा, चौकटी करा, ढोलाची खोडं करा. पण हे ओलं आहे आणि पाणी लागलं की रंग सोडतं."

त्यांचा विश्वास बसेना, म्हणून मी एक ढलपी काढून पाण्याच्या ग्लासात टाकली. थोड्या वेळाने पाणी पिवळं झालं, आणि ग्लास उन्हात धरला तर कडेने निळसर झाक मारायला लागली. सुतार कौतुकाने बघत होते. दाजींनी दुरूनच पाहिलं.

"जादूचे प्रयोग पुरे," ते म्हणाले. "दातांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्याचं काम घेतलंय. हात धुवायचा कट्टा याच फळ्यांचा करायचा. त्यांना मी साग सांगितलाय."

"तिथे खाली काय आहे?"

"पांढऱ्याशुभ्र संगमरवराची भिंत. काय उठून दिसेल!"

मला हसू आलं. हसू म्हणजे काय, आतून एक थंडगार समाधान वर आलं. मी सांगितलं, की या फळ्या हवेशीर जागी रचून निदान सहा महिने वाळू द्या, आणि वाळल्या तरी पांढऱ्या दगडावर, पाण्याच्या नळाखाली बसवू नका. दाजी म्हणाले, "तुमचं काम पॉलिशचं. मत विचारीन तेव्हा द्या."

बरं, म्हटलं. तोंडाला कुलूप लावलं.

बिवळ्याने आमचा घाम काढला. याच्या रेषा आडव्यातिडव्या जातात. सरळ रंधा मारला तर एक पट्टा गुळगुळीत आणि शेजारचा उपटलेला. सुतार दर तासाला रंध्याचं पान परजत होते आणि दाजींच्या नावाने जे बोलत होते ते इथे सांगण्यासारखं नाही. उरलेलं मी हाताने तासलं. घासकागद मारून पॉलिशचा पहिला हात दिला, तेव्हा मात्र शिव्या थांबल्या. मधासारखा रंग, त्यात तांबूस काळसर लाटा. एवढं देखणं लाकूड या माणसाच्या तावडीत सापडलं याची चीड आली. मी एकावर एक पाच हात दिले, वरून, कडेने आणि खालूनसुद्धा. कामात खोट ठेवणं मला जमत नाही.

खोट होती ती दुसरीकडे. बेसिनच्या भांड्याचं आणि नळाचं भोक जागेवर प्लंबर कापणार होता. कापल्यावर आतली कड उघडी राहणार, ती पाणी पिणार, आणि प्यालेलं पाणी रंगासकट खाली सोडणार. मला हे स्वच्छ दिसत होतं. बसवायला आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. त्यांनी कट्ट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "पाण्याने काही होणार नाही ना?"

दाजी म्हणाले, "साग आहे मॅडम! जहाजं करतात याची."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पॉलिशचा डबा बंद करत होते. तो नीट बंद व्हायला मी हवा त्याहून जास्त वेळ घेतला.

तीन आठवड्यांनी फोन आला. दाजींनी मला पुढे घातलं, स्वतः मागून आले. कट्टा वरून आरशासारखा चकाकत होता. खाली संगमरवरावर मात्र नळाच्या खालून चार पिवळ्या, तपकिरी धारा थेट जमिनीपर्यंत उतरल्या होत्या.

"काल एक पेशंट मला म्हणाला," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी तुमच्या भिंतीचे दात साफ करून घ्या."

दाजींनी घसा खाकरला. "मॅडम, सागाला कधीकधी असा..."

"हा साग नाही," मी म्हणाले. वाट बघत होते त्या क्षणाची. सगळं सांगितलं. बिवळा काय असतो, रंग का सोडतो, किती वाळवावा लागतो, कुठे वापरावा, कुठे वापरू नये. दाजींचा चेहरा उतरत गेला तसा माझा आवाज चढत गेला. ग्लासाची गोष्टही सांगितली. माझी समजूत अशी, की बाई आता यांना फैलावर घेणार.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुम्हाला बसवतानाच माहीत होतं?"

"आधीपासून."

"मी विचारलं होतं तुमच्यादेखत."

"मालक ते आहेत. मी फक्त..."

"त्यांना अक्कल नाही, ते मला पाच मिनिटांत कळलं," त्या दाजींकडे न बघता म्हणाल्या. "तुम्हाला आहे. तरी तुम्ही डब्याचं झाकण लावत बसलात. माझी भिंत खराब झाली तरी चालेल, यांची फजिती झाली पाहिजे. असंच ना?"

आयुष्यभर मी ज्या नजरेने दाजींकडे पाहत आले, ती नजर पहिल्यांदाच माझ्यावर आली होती, आणि ती किती झोंबते ते मला माहीत नव्हतं.

पुढचे चार दिवस मी दवाखान्याच्या फरशीवर उकिडवी बसून संगमरवराला खडूच्या पुडीचा आणि स्पिरिटचा लेप लावत होते. लेप वाळला की खरवडायचा, की पुन्हा नवा. पेशंट गाल धरून येत-जात होते. एका म्हाताऱ्याने तर मला डॉक्टर समजून तोंडच उघडून दाखवलं. डाग पुष्कळ निघाला, पूर्ण निघाला नाही. जवळून बघितलं तर फिकट पिवळी सावली दिसायची, आणि डॉक्टरबाई रोज जवळून बघायच्या. जुन्या सागाचा नवा कट्टा मी स्वतः केला, भोक स्वतः कापलं, कापलेल्या कडेला तीन हात दिले. त्यांनी तो पाहिला आणि "ठीक" म्हणाल्या. बस, एवढंच.

घरी ताईला सगळं कळलं होतं. ती भांडणारी बाई नाही. हिशेबी नजरेची शाळामास्तरीण आहे. तिने आम्हा दोघांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसवलं, वर्गात बसवतात तसं.

"एकाला काही येत नाही आणि गप्प बसता येत नाही," ती म्हणाली. "दुसरीला सगळं येतं आणि नेमकं बोलायच्या वेळी ती गप्प. बाबांनी उभा केलेला कारखाना तुम्हा दोघांच्या खुन्नशीत बुडायचा. उद्यापासून लाकूड ही बघणार आणि गिऱ्हाइकांशीही हीच बोलणार."

"आणि मी?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही टेम्पो चालवा."

मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. दाजींनी टायची गाठ सैल केली आणि विचारलं, "चावी कुणाकडे आहे?"

उरलेला बिवळा मी शेडच्या मागे मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवला. सात महिन्यांनी त्याच्या दाराच्या चौकटी केल्या, आणि गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगितलं की हा बिवळा आहे, साग नाही, ओल असेल तिथे चालणार नाही. गिऱ्हाइकाने कपाळाला आठ्या घातल्या, पण नेल्या. काचेच्या केबिनमध्ये बसायचा मला अजून कंटाळा येतो. लोक मूर्खासारखे प्रश्न विचारतात आणि मला शांतपणे उत्तरं द्यावी लागतात.

दाजींचं म्हणाल तर त्यांचा माझ्याबद्दलचा राग महिनाभरात ओसरला, हे मला आवडलं नाही. ते शीळ घालत येतात. चौकटी पोचवायच्या दिवशी मी त्यांच्याशेजारी बसून गेले. गल्ली इतकी अरुंद, की मी म्हटलं, उतरून हातगाडी करू. दाजींनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि भरलेला टेम्पो मागे घेत अख्ख्या गल्लीतून सरळ दारापर्यंत नेला. दोन्ही बाजूंना वीतभरसुद्धा जागा नव्हती. कुठे खरचटलं नाही.

"काय मेव्हणीबाई?" ते म्हणाले.

"उतरा," मी म्हटलं, "दोऱ्या सोडायच्या आहेत."