ब्रेकवरचा हात

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आत शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, एकट्याच. त्यांना दमा होता आणि दम्याचा पंप घरी मशीनवर राहिला होता. त्यांच्या सासूबाई तो घेऊन धापा टाकत जिना चढून आल्या, पण लिफ्टच्या दाराच्या फटीतून बोटही आत जाईना.

सातव्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना लिफ्टच्या दारावरच्या थापा ऐकू येत होत्या. आधी जोरजोरात, मग थांबून थांबून. काका जेवता जेवता ताटावरून उठले.

"अहो, बसा. लिफ्ट कंपनीचा माणूस येतोय."

"किती वेळात?"

"दीड तास म्हणे."

काकांनी हात धुतला. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्टच दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर इमारतीतले नळ, पंखे, इस्त्र्या सगळं करून द्यायचे, फुकट. 'घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या,' असं काकू हसत म्हणायच्या. मग गेल्या वर्षी त्यांनी दुरुस्त केलेली पाण्याची मोटर महिन्याभरात जळाली आणि भर मीटिंगमध्ये खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलं. त्या दिवशी काकूंनी त्यांना शपथ घातली होती, की यापुढे कुणाच्या स्क्रूलाही हात लावायचा नाही.

पण आज काकूंना काळजी होती ती मोटरीमुळे नव्हे. चार महिन्यांपासून काकांचा उजवा हात थरथरायचा. चहाचा कप बशीवर वाजायचा. ते बोलायचे नाहीत, या विचारायच्या नाहीत.

"काही कमीजास्त झालं तर?" काकू म्हणाल्या. "लोक तुम्हालाच धरतील."

"धरू देत," काका म्हणाले आणि जिना चढायला लागले. काकू चपला न घालताच मागे धावल्या.

गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीचं कुलूप सोसायटीच्या सेक्रेटरींनी उघडलं, पण ते उंबऱ्याबाहेरच थांबले. "जबाबदारी तुमची हं, काका."

आत तेलाचा वास होता. मोठं चाक, जाड दोर, मशीनला लावलेली लोखंडी लिव्हर. काकांनी आधी मेन स्विच बंद केला. मग सेक्रेटरींना म्हणाले, "ही लिव्हर दाबली की ब्रेक सुटतो, सोडली की बसतो. एकाने ती सांभाळायची, दुसऱ्याने चाक फिरवायचं. या."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही हो."

काकांनी स्वतःच लिव्हरला हात घातला. ती खडखडली. हात मागे घेऊन त्यांनी पुन्हा धरली, पुन्हा खडखडली. त्यांनी वर पाहिलं. काकू बघत होत्या.

"अगं, तू धर."

"मी? मी जन्मभर पोस्टात शिक्के मारले!"

"म्हणूनच. 'धर' म्हटलं की दाबायची, 'सोड' म्हटलं की सोडायची. मध्ये विचार करायचा नाही."

"आणि हात अडकला तर? बाई खाली आदळतील?"

"खाली नाही, वर. आत एकच माणूस आहे, दोराच्या पलीकडच्या टोकाचं वजन जास्त आहे. एकदा वेग धरला तर चाक मला आवरणार नाही."

काकूंच्या तळव्यांना घाम फुटला. त्यांनी ते पदराला पुसले आणि लिव्हर धरली.

"धर." चाक सरकलं. "सोड."

"धर. सोड."

चौथ्या वेळी पदर लिव्हरमध्ये अडकला. क्षणभरच, पण तेवढ्यात चाक काकांच्या हातातून निसटून गर्रकन फिरलं. "सोड! सोड!" काकूंनी पदर फाडूनच हात ओढला. खटकन ब्रेक बसला. खालून किंकाळी आली आणि मग काहीच नाही.

थाप नाही, आवाज नाही. "अहो, मी मारलं का हो त्यांना?" काकू म्हणाल्या.

सेक्रेटरींनी जिन्यातून खाली हाक दिली. सासूबाई दाराला कान लावून बसल्या होत्या. बराच वेळ गेला. मग त्यांचा आवाज आला, "वाजवतेय! हळू वाजवतेय!"

"धर," काका म्हणाले. काकूंनी डोळे न मिटता धरली.

आणखी तीन वेळा. लिफ्ट मजल्याला लागल्याची दोरावरची पिवळी खूण चाकापाशी आली तसे काका खाली धावले. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या तिकोनी किल्लीने पाचव्या मजल्याचं दार उघडलं. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, ओठ निळे पडलेले. सासूबाईंनी पंप तोंडाला लावला. पहिला श्वास आत गेलाच नाही. तिसरा गेला.

कंपनीचा माणूस अडीचला आला आणि भडकला. "याला हात कुणी लावला?" सेक्रेटरी भिंतीकडे बघायला लागले.

"मी," काकू म्हणाल्या. "लिव्हर मी धरली होती."

त्याने ब्रेक दोनदा तपासला, तक्रार करीन म्हणाला आणि गेला. पुढे आठवडाभर दाराची बेल वाजली, की काकूंना वाटायचं, नोटीसच आली. ती आली नाही.

लिफ्ट अडकली त्याच संध्याकाळी काकू काकांना म्हणाल्या होत्या, "गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय."

"तुला कळलं होतं?"

"कप मीच विसळते ना."

गुरुवारी निघताना शिवणकामाच्या बाई जिन्यातच उभ्या दिसल्या, पिशवी घेऊन. "काकांना दाखवायला निघालात ते कळलं. मोठ्या दवाखान्यात तीन-तीन तास मोडतात. एकीने रांगेत उभं राहावं, एकीने काकांजवळ बसावं."

"अहो, तुमची ऑर्डर? तुम्हालाच अजून बरं नाही."

"कापड काय पळून जातंय?"

रांगेत त्याच उभ्या राहिल्या, एका खांबाला टेकून. काकूंनी दोनदा उठून 'आता मी' म्हटलं, तर त्यांनी मानेनेच 'बसा' सांगितलं. नंबर यायला दोन तास लागले. दारातली नर्स म्हणाली, "पेशंटबरोबर एकच जण."

"तुम्ही जा आत," बाई काकूंना म्हणाल्या. "डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐका. मी इथेच आहे."

काकूंनी काकांचा कोपर धरला आणि दोघं आत गेले.