चार क्वार्टर

“हात पुढे करा. बोटं पसरा,” सिस्टर म्हणाल्या.

त्याने हात पुढे केले. बोटं थरथरत होती, आणि ती थांबावीत म्हणून तो त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होता. बोटांनी त्याला भीक घातली नाही.

“भिंतीवर काही दिसतंय का?”

“रंगाचे पोपडे.”

“ते आम्हालाही दिसतात,” सिस्टर म्हणाल्या आणि कागदावर खूण केली.

दारू सोडवण्याच्या या वॉर्डात आठ पलंग होते, आणि पलंगावरच्या माणसांना सिस्टर त्यांच्या धंद्यावरूनच हाक मारत. खिडकीजवळ बेकरीवाला, त्याच्या शेजारी गणिताचे मास्तर, आणि आता हा काटेवाला. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणं हे त्याचं काम. सकाळी मेहुण्याबरोबर आला, वजन करायला काट्यावर उभा राहिला आणि खाली उतरता उतरता म्हणाला, “हा दीड किलो जास्त दाखवतो.” उभं राहायची पंचाईत, आणि आमच्या काट्याला नावं ठेवतोय, असं सिस्टरांच्या मनात आलं. 

“रोज किती घेत होता?”

“चार क्वार्टर. सुट्टीच्या दिवशी पाच.”

सिस्टरांनी जुने कागद उलटले. काटेवाला इथे तिसऱ्यांदा येत होता. मागच्या दोन्ही वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात ‘रोज दोन क्वार्टर’ अशी नोंद होती. औषधाची मात्रा त्या हिशेबाने ठरली, ती अपुरी पडली आणि दोन्ही वेळी दुसऱ्या दिवशी त्याला झटके आले होते. दुसऱ्या खेपेला तर दातांखाली जीभ सापडून तीन टाके पडले होते.

“मागे दोनदा दोनच सांगितलंत.”

त्याने दाराशी उभ्या असलेल्या मेहुण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पावलांकडे.

“हो.”

“खोटं होतं ना ते?”

“खोटं होतं.”

“आणि भोगलं कुणी?”

“मीच,” तो म्हणाला.

पिणाऱ्याचा आकडा आणि गळ टाकणाऱ्याचा मासा, हे दोन्ही कधी जसेच्या तसे घ्यायचे नसतात, असं सिस्टर नव्या मुलींना शिकवत. मासा निम्मा करायचा, आकडा दुप्पट. बावीस वर्षांत या नियमाने त्यांना दगा दिला नव्हता. त्यांनी लिहिलं : ‘चार सांगतो. मागचा अनुभव पाहता आठ धरावे.’ डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि सिस्टरांचा शब्द त्यांना पुस्तकापेक्षा जड वाटे. त्यांनी आठ धरून गोळ्या लिहिल्या.

“सिस्टर,” काटेवाल्याने विचारलं, “घरच्यांना भेटायला कधी येता येतं?”

“चौथ्या दिवसापासून. चार ते पाच.”

“बायको येईल बहुतेक.”

मेहुण्याने मान फिरवली. बाहेर व्हरांड्यात तो सिस्टरांना हळूच म्हणाला, “ताई नाही येणार. दाजींना सांगवत नाही मला. ‘त्या वॉर्डात पाय ठेवायची माझी हिंमत नाही’ म्हणते. मागच्या दोन्ही वेळी तीच घेऊन आली होती, मी नुसता सोबतीला होतो.”

सिस्टरांनी मान डोलावली. सहनशक्ती संपलेल्या बायका त्यांनी कमी पाहिल्या नव्हत्या, आणि त्यातल्या एकीलाही त्यांनी नावं ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळा वॉर्ड काटेवाल्याच्या झटक्यांची वाट पाहत होता. बेकरीवाल्याने तर आपला पलंग हातभर लांब सरकवून घेतला. पण झटके आले नाहीत. काटेवाला झोपला. सकाळचा चहा समोर असताना झोपला, जेवणाच्या ताटावर डुलक्या घेत राहिला, आणि दुपारी सिस्टरांनी नाव विचारलं तेव्हा अर्धंच सांगून पुन्हा घोरायला लागला. सिस्टरांनी नाडी पाहिली, श्वास मोजले, हातातल्या गोळ्या परत डबीत टाकल्या आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

“औषध जास्त होतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण एकदम निम्मं केलं आणि मागच्यासारखं झालं तर? सिस्टर, कुठूनही नक्की आकडा काढा.”

एवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी काठीवर रेलून म्हणाल्या, “काट्याचं मात्र खरं निघालं हं त्यांचं. मी मुलांच्या वॉर्डात जाऊन वजन करून आले. दीड किलो कमी भरलं.” आठवडाभर त्यांनी बिस्किटं सोडली होती. कालपासून पुन्हा धरली होती.

सिस्टर हसल्या नाहीत. त्या टेबलाशी गेल्या आणि काटेवाल्याच्या घरचा नंबर लावला.

पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

“मी वॉर्डातून बोलतेय. तुमचे मिस्टर बरे आहेत, हे आधी सांगते.”

“हो,” बाई म्हणाली. तिने रोखून धरलेला श्वास सोडलेला इकडे ऐकू आला.

“एकच विचारायचंय. रोज किती प्यायचे? औषध त्यावर ठरतं.”

“त्यांनी किती सांगितलं?”

हा प्रश्न सिस्टरांच्या ओळखीचा होता. घरचं माणूस असं विचारतं तेव्हा त्याला आपला आकडा जुळवून घ्यायचा असतो.

“ते राहू द्या. तुम्ही सांगा.”



“चार क्वार्टर,” बाई म्हणाली. “सुट्टीच्या दिवशी पाच. रिकाम्या बाटल्या मीच टाकून यायचे, दोन गल्ल्या सोडून. माझी मोजणी चुकायची नाही.”

सिस्टरांनी समोरच्या कागदावरच्या आपल्या ठसठशीत आठाकडे पाहिलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

“त्यांनीही हेच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “मीच विश्वास ठेवला नाही. मागे दोनदा खोटं बोलले होते ना, म्हणून.”



“ते नव्हते बोलले,” बाई म्हणाली. “मी बोलले होते. पहिल्या वेळी त्यांना शुद्धच नव्हती. दुसऱ्या वेळी ते चार म्हणत होते, आणि मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, छे, दोनच, यांना काही आठवत नाही. शेजारी माझा भाऊ उभा होता. माझं लग्न यांच्याशी व्हावं म्हणून घरात तोच भांडला होता. त्याच्यासमोर चार म्हणायला जीभच रेटेना. मग यांच्या जिभेला टाके पडले. पुन्हा तिथे आले आणि तुम्ही मलाच विचारलंत तर काय सांगू, म्हणून आले नाही.” ती थांबली. “त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?”

“नाही. खोटं होतं का म्हणून मी विचारलं. हो म्हणाले.”

  हातातलं पेन सिस्टरांनी टोपण लावून खाली ठेवलं.

“त्यांना तुम्ही काही सांगू नका,” बाई म्हणाली. “भेटायची वेळ काय?”

सिस्टरांनी आठावर रेघ मारून वर चार लिहिलं आणि बाजूला सही केली. गोळ्या कमी झाल्या. झटके आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी काटेवाल्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरून एक थेंब न सांडता संपवला आणि दुसरा मागितला. दुपारी त्याने जेवणाचं ताट पुसून लख्ख केलं. मास्तरांनी त्याला कागदावर फुलीगोळा खेळायला घेतलं आणि तीनदा हरल्यावर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

“तुमचा आकडा बरोबर होता,” संध्याकाळी चादर बदलताना सिस्टर म्हणाल्या. त्यांची माफी मागायची तेवढीच पद्धत होती.

“हो.”

“मग भांडला का नाहीत माझ्याशी?”

“दोनदा चुकलेल्या काट्यावर तिसऱ्यांदा कोण भरवसा ठेवेल, सिस्टर? मीही नसता ठेवला.”

“आणि ते मागचे दोन?”

त्याने चादरीचं टोक गादीखाली नीट खोचलं. 

“ते माझ्याच नावावर आहेत,” तो म्हणाला. “राहू द्या.”

चौथ्या दिवशी तो दुपारी दोनपासून दाढी करून बसला होता. मेहुण्याने काय सांगितलं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि सिस्टरांनीही फोनबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. चारला दहा कमी असताना बायको आली. तिच्या मागोमाग तिचा भाऊ होता. दाजी उठून उभे राहिलेले पाहून भावाचा चेहरा उजळला. ती मात्र पलंगाकडे गेली नाही. सरळ सिस्टरांच्या टेबलाशी गेली. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

“सिस्टर, यांच्या जुन्या कागदावर दोन क्वार्टर लिहिलंय ना?”

“लिहिलंय.”

“ते चुकीचं आहे. चार होत्या. यांनी खरं सांगितलं होतं, दोन मी म्हणाले.” ती मुद्दाम मोठ्याने बोलत होती, आणि बोलताना भावाकडेच पाहत होती. “तुझ्यासमोर लाज वाटली म्हणून.”

बेकरीवाल्याचं चघळणं थांबलं. काटेवाला दोन पावलं पुढे आला.

“अगं, कशाला आता ते,” तो म्हणाला.

“जुन्या कागदावर खाडाखोड चालत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पण खाली लिहिता येतं.” त्यांनी कागद तिच्यासमोर सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

ती उभ्याउभ्याच लिहू लागली. पहिलंच अक्षर वेडंवाकडं आलं. भाऊ तिच्याकडे बघत राहिला, मग दाजींकडे. दाजींनी खालचा ओठ आत ओढून धरला होता आणि ते खिडकीबाहेर पाहत होते. सिस्टरांना वाटलं, हा भाऊ आता काहीतरी बोलणार, आणि जे बोलेल ते या बाईला जन्मभर पुरणार.

भावाने भिंतीशी ठेवलेली खुर्ची उचलली आणि बहिणीच्या मागे आणून ठेवली.

“बस, ताई,” तो म्हणाला. “बसून लिही.”